कळा घेऊन आलेल्या बाईला घरी कधी सोडायचं आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा: "मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नुकताच वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो आहे. दिवस भरत आलेल्या बायका पोटात दुखतंय म्हणून येतात. तपासलं तर गर्भपिशवीचं तोंड एक-दोन सेंटिमीटर उघडलेलं असतं. खाटा कमी आणि नातेवाईक घाईला आलेले. कुणाला ठेवून घ्यायचं, कुणाला घरी सोडायचं, आणि कागदावर काय लिहायचं म्हणजे उद्या अंगावर येणार नाही?"

कागदाची काळजी रास्त आहे, पण कागदाकडे शेवटी येऊ. माझी बहुतेक नोकरी मराठवाड्यातल्या सरकारी प्रसूतिगृहांत गेली. कळा घेऊन आलेल्या बाईला घरी सोडायचं की नाही, हे तिच्या गर्भपिशवीच्या तोंडावर जेवढं ठरतं तेवढंच तिच्या घरापासून लेबर रूमपर्यंतच्या वाटेवर ठरतं, असं मी तिथं शिकले. दोन सेंटिमीटरवरची निरोगी पहिलटकरीण रुग्णालयामागच्या गल्लीत राहत असेल तर तिला खुशाल घरी जाऊ द्या. तशीच दुसरी बाई गोदाकाठच्या आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, राहत असेल, महिना भाद्रपदाचा असेल आणि घरात एकच दुचाकी असेल, तर मी तिला सोडत नाही. केसपेपरवर दोघींची नोंद सारखीच दिसेल, निर्णय मात्र वेगळे होतील.

आधी, ज्यांना सोडण्याचा विचारच करायचा नाही त्या बायका बाजूला काढा. मागचं सिझर असून कळा आहेत, पाणी जातंय, अंगावरून लाल जातंय, बाळ पायाळू किंवा आडवं आहे, जुळं आहे, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर आहे, ताप आहे, बाळाची हालचाल कमी झाल्याचं ती सांगते, बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या बाहेर आहेत, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे. यांतलं एकही असेल तर तोंड बंद का असेना, ती घरी जाणार नाही. तुमच्याकडे सोय असेल तर ती तुमच्याकडे राहील, नसेल तर रीतसर वरच्या रुग्णालयात जाईल. हिमोग्लोबिन सात ते दहाच्या मधे असलेल्या बाया आपल्याकडे खूप. त्यांच्याबाबत माझा कल ठेवून घेण्याकडे, निदान रक्तगट पाहून रक्ताची सोय कुठं होईल हे ठरेपर्यंत तरी. मागच्या खेपेला बाळंतपणानंतर फार रक्त गेलेली किंवा पोटात बाळ दगावलेली बाईही याच रांगेतली.

रक्तस्राव असलेल्या बाईची आतून तपासणी करू नका. वार (प्लॅसेंटा) खाली आहे का हे सोनोग्राफीत कळेपर्यंत बोट घालायचं नाही. जुन्या सोनोग्राफीचा कागद पिशवीत असतो, तो मागून घ्या. कळ आली-गेली असं न होता पोट सारखंच फळीसारखं कडक राहतंय, आणि रक्त थोडंच दिसतंय किंवा दिसतही नाही, तर वार सुटत असल्याची शंका घ्या. छातीखाली, उजवीकडे दुखतंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं अंधारी येते, असं म्हणणारी बाईसुद्धा दारात "पोटात दुखायलंय" एवढंच बोलते. म्हणून रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन प्रत्येकीचं पाहायचं. "आत्ता चार दिवसांपूर्वी नऊ तारखेच्या मासिक तपासणीत पाहिलं होतं" हे कारण चालत नाही.

मग आठवडे. सदतीसच्या आत कळा घेऊन आलेल्या बाईची वाट वेगळी आहे, तिचा "अजून वेळ आहे" म्हणून डिस्चार्ज करू नका. पण आठवडे मोजायचे कसे, इथंच आपल्याकडे घोळ होतो. पाळीची तारीख विचारली तर "संक्रांतीच्या पुढं चार दिवसांनी" किंवा "पोळ्याच्या आदल्या आठवड्यात" असं उत्तर येतं. ते उत्तर टाकून देऊ नका. कॅलेंडर काढून तिच्यासमोर मोजा, सणावरून सांगितलेली तारीख बऱ्याचदा चांगली जुळते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी असेल तर तिच्यावर सर्वांत जास्त विसंबा, ती फार तर आठवडाभर चुकते. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख मात्र तीन आठवड्यांनी इकडेतिकडे होऊ शकते, आणि नेमका तोच कागद नातेवाईक हातात धरून उभे असतात.

खरोखर चौतीस आठवड्यांच्या आतली असेल आणि कळा नियमित असतील, तर वर पाठवण्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठीच्या डेक्सामेथासोनचा पहिला डोस तुमच्याकडेच द्या: सहा मिलिग्रॅम, स्नायूत. पुढचे तीन बारा-बारा तासांनी तिथं होतील. लघवी तपासा. लघवीच्या जंतुसंसर्गानं आणि उन्हाळ्यात नुसत्या पाणी कमी पडण्यानंही कळा येतात. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या वर असताना रानातून आलेल्या बाईला दोन ग्लास पाणी, ओआरएस आणि दोन तास सावलीत आडवं होऊन कळा शांत झालेल्या मी पुष्कळदा पाहिल्यात. तरीही सदतीसच्या आतल्या बाईला त्या दोन तासांवर घरी सोडायचं नाही, एक दिवस तरी नजरेखाली ठेवायची.

आता राहिल्या दिवस भरलेल्या, निरोगी, बाळाचं डोकं खाली असलेल्या बाया. तुमचा प्रश्न मुख्यतः यांच्याबद्दल आहे.

एका तपासणीवर निदान होत नाही. तोंड दोन सेंटिमीटर आहे याचा अर्थ आत्ता दोन आहे, एवढाच. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या कितीतरी बाया आठ-आठ दिवस दोन-तीन सेंटिमीटरवर घरकाम करत फिरतात, आणि तशीच एखादी तीन तासांत बाळंत होते. फरक कळतो तो दोन तपासण्यांच्या मधल्या वेळात. दोन ते चार तास थांबा, आणि शक्यतो त्याच हातानं पुन्हा तपासा. तुमचे दोन सेंटिमीटर आणि सिस्टरांचे तीन हा फरक बाईतला नसून बोटांतला असू शकतो. तोंड किती उघडलं यासोबत ते किती पातळ झालं आणि डोकं किती खाली आलं हेही लिहा. पहिलटकरणीत तोंड आधी पातळ होतं, मग उघडतं. "२ सेमी" एवढंच लिहून ठेवलं तर पुढच्या पाळीच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही.

या मधल्या तासांत तिला टेबलावर झोपवून ठेवू नका. लघवीला पाठवा, खायला द्या, हिंडू द्या. आई किंवा सासू, जी सोबत असेल ती जवळ राहू द्या. मधे दहा मिनिटं स्वतः पोटावर हात ठेवून बसा. दहा मिनिटांत किती कळा आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, दोन कळांच्या मधे पोट पूर्ण सैल पडतं का, हे हातालाच कळतं. कळ ओसरल्यावर लगेच ठोके ऐका. एनएसटीचं (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारं) मशीन असेल तर वीस मिनिटांची पट्टी काढा, नसेल तर डॉपलरवर पूर्ण मिनिटभर मोजा. खऱ्या कळा कमरेतून सुरू होऊन पुढं येतात, हळूहळू जवळजवळ येतात, वाढतात आणि झोपू देत नाहीत. ज्या कळा ओटीपोटातच राहतात, कधी दहा तर कधी पंचवीस मिनिटांनी येतात आणि कुशीवर झोपलं की विरतात, त्या बहुधा अजून बाळंतपणाच्या नसतात. बहुधा म्हणते, कारण अखेरची साक्ष दुसऱ्या तपासणीची.

या तासांत दोन मोह होतात आणि दोन्ही आपल्याकडे सर्रास दिसतात. पहिला, ड्रोटाव्हेरिन किंवा बस्कोपॅनचं इंजेक्शन देऊन "आता बरं वाटतंय ना" म्हणत सोडून देणं. इंजेक्शननं दुखणं तासभर झाकलं जातं. ती गाडीत बसते आणि निम्म्या वाटेत कळा पुन्हा सुरू होतात. ते दिलंच असेल तर त्याचा असर ओसरेपर्यंत तिला थांबवा आणि मग तपासा. दुसरा मोह याच्या उलटा: आलीच आहे, परत कशाला पाठवायची, म्हणून सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू करणं. तोंड कच्चं, कळा अजून जुळलेल्या नाहीत, आणि आपण चाबूक ओढतो. मग दहा तासांनी "प्रगती नाही" म्हणून सिझर होतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन बाळंतपणाआधी कमरेत टोचणं तर गुन्ह्यासारखंच आहे. पिशवी फुटू शकते, बाळ गुदमरू शकतं. कोणी खासगीत टोचून पाठवलं असेल तर ते खोदून विचारा आणि त्या बाईला अजिबात सोडू नका.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायला सांगितलं. त्याआधीचा टप्पा किती तासांचा असावा याला ठरावीक मर्यादा नाही, बाईगणिक तो फार वेगळा असतो. यावरून काही तरुण डॉक्टर निष्कर्ष काढतात की पाचच्या आत कुणालाच घ्यायचं नाही. त्याच शिफारशींत हेही आहे की सक्रिय टप्पा येईपर्यंत दाखल करायचं नाही असं सरसकट धोरण काटेकोर संशोधनाच्या चौकटीबाहेर राबवू नये. कच्च्या अवस्थेत दाखल झालेल्या बायांवर जास्त उपचार होतात, जास्त सिझर होतात, हे खरं. पण त्यावरचा इलाज उपचाराचा हात आवरणं हा आहे. ती रुग्णालयात असली तरी लेबर टेबलावर असण्याचं कारण नाही. प्रसूतिपूर्व कक्षातली खाट, पांघरूण आणि दर चार तासांनी एक नजर एवढं तिला पुरतं. खाट खरंच नसेल तेव्हा काय करायचं, ते पुढं सांगते.

दुसऱ्या तपासणीत बदल नाही, कळा विरळ झाल्या, ठोके चांगले, ती खातेपिते आणि तिलाही घरी जावंसं वाटतंय. आता वाटेचा प्रश्न.

तिला, आणि सोबतच्या माणसाला, हे विचारा: इथून कुठं जाणार? घर कुठलं, असं नाही विचारायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, त्यामुळे कार्डावरचं गाव एक आणि आज रात्रीचा मुक्काम दुसऱ्याच गावात. कार्डावरच्या आशाताईंना तुम्ही फोन लावता, त्या म्हणतात, "मॅडम, ती माहेराला गेली की." माहेरच्या गावच्या आशाताईंना ती आल्याचं कधीकधी माहीतच नसतं. तिथला नंबर शोधून, ती तुमच्यासमोर उभी असतानाच एक फोन करायला दोन मिनिटं लागतात. डिस्चार्जच्या सगळ्या कामांत मी या दोन मिनिटांना वरचं स्थान देते.

पुढचा प्रश्न: रात्री बारा वाजता कळा सुरू झाल्या तर गाडी कोणाची? "येईल की कोणतीतरी" हे उत्तर घेऊ नका. गाडीवाल्याचं नाव आणि नंबर त्यांच्या तोंडून येऊ द्या. १०२ ची गाडी गरोदर मातांसाठी मोफत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेण्याचा खर्च सरकारचा आहे. १०८ आणीबाणीसाठी, ती राज्यात २०१४ पासून धावते. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की तांड्यावर नेटवर्क कुठल्या टेकाडावर मिळतं ते गाडीच्या चालकाला माहीत नसतं, आणि गाडी डांबरी सडकेपर्यंतच येते. त्या सडकेपासून घरापर्यंतची पाणंद काळ्या मातीची असेल तर पावसाळ्यात तिच्यातून ट्रॅक्टरच चालतो. मुखेड-देगलूरकडे मन्याड किंवा लेंडी फुगली, तिकडे मांजरा-तेरणेला पाणी आलं, की दहा किलोमीटरचा रस्ता असून नसल्यासारखा. किनवट-माहूरच्या डोंगरात किंवा बीडच्या बालाघाटावरच्या वाड्यांत अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. "मागच्या वेळी इथं यायला किती वेळ लागला, आणि दिवसा की रात्री?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

माझा ठोकताळा असा. पहिलटकरीण, तीनच्या आत, गाडीसह अर्ध्या-पाऊण तासात परत येऊ शकते: सोडा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची, तीन-चार सेंटिमीटर, पाऊण तासाच्या पलीकडची: कळा पूर्ण थांबल्या तरी ठेवा. मागचं बाळंतपण दोन-तीन तासांत उरकलेलं असेल तर अंतर न पाहता ठेवा. संध्याकाळी पाचनंतर तालुक्याबाहेरच्या कुणालाच सोडू नका. शेवटची मुक्कामी एसटी पकडायची म्हणून घाईनं तपासलेली बाई, ही मला सगळ्यांत धोक्याची वाटत आलीय. मुक्कामी गाडी सकाळीच परत फिरते. मधल्या रात्रीला गावाकडून परतीची एसटी नसते. आणि नऊ महिन्यांच्या बाईला कळा आलेल्या दिवशी दुचाकीवर मधे बसवून खडकाळ रस्त्यानं पाठवणं हा डिस्चार्ज मी मंजूर करत नाही.

खाट नसेल आणि घर लांब असेल तर मधला मार्ग शोधा. तालुक्याच्या गावात पाहुणे नाहीत असं कुटुंब क्वचितच सापडतं. "तुमचं कोणी आहे का इथं?" विचारलं की मावशी, नणंद, चुलतसासरे, कोणीतरी निघतं. दोन-चार दिवस तिथं मुक्काम, रोज सकाळी एकदा तपासणीला यायचं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच कामासाठी माहेरघर आहे, तुमच्या हद्दीत असेल तर वापरा. बाकी ठिकाणी पाहुण्यांचं घर हेच माहेरघर.

ऊसतोडीच्या कुटुंबांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. दिवाळीनंतर बीड-जालना-परभणीच्या गावांतून कोयते, म्हणजे तोडणीला जाणारी जोडपी, निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कारखान्याजवळच्या रुग्णालयातून "अजून वेळ आहे" म्हणून सोडलेली बाई घरी जात नाही, फडात जाते. कोपीवर झोपते, पहाटे उठते, मोळी उचलते. तिच्यासाठी "घरी जाऊन आराम" हे वाक्य निरर्थक आहे. दिवस भरलेली, कळा येऊन गेलेली आणि फडात परतणारी बाई ठेवून घ्या. नवरा म्हणेल, उचल घेतलीय, मुकादम खाडे धरतो. मुकादमाचा नंबर घेऊन मी स्वतः बोलत असे. सरकारी डॉक्टरचा फोन आला की दोन दिवसांची सूट बहुधा मिळते. उलट बाजूनंही लक्ष ठेवा: बाळंतपणासाठी फडावरून गावी परतलेली बाई तुमच्याकडे येते तेव्हा चार-पाच महिने तिची कसलीच तपासणी झालेली नसते. कार्ड कोरं असेल तर तिला जोखमीचीच समजा.

आता सोडताना काय सांगायचं. आधी, काय सांगायचं नाही: "एवढ्यात कशाला आणलं?" हे वाक्य तुमच्या लेबर रूममधून हद्दपार करा. रागावून परत पाठवलेलं कुटुंब पुढच्या वेळी उशिरा येतं. सासू घरी जाऊन सांगते, डॉक्टरनं सांगितलं आठ दिवस काही नाही. तुम्ही तसं म्हटलेलं नसतं, पण ऐकलं तेच जातं. मग त्याच रात्री खऱ्या कळा आल्या तरी, "कालच तर दाखवून आलो, पुन्हा हसं करून घ्यायचं का?" म्हणून पहाट होईपर्यंत थांबतात. त्यामुळे उलटंच सांगा, तेही सासूकडे पाहून: "मावशी, आणलंत ते बरं केलंत. आज रात्री पुन्हा दुखलं तर पुन्हा आणा. दहा वेळा आणा, कोणी काही म्हणणार नाही." आणि मग तुमच्या सिस्टरही खरंच काही म्हणणार नाहीत, याची जबाबदारी तुमची.

परत कधी यायचं, हे सगळ्यांना एकसारखं सांगू नका. दर पाच मिनिटांनी, मिनिटभराची कळ, तासभर, हा नियम गावातल्या पहिलटकरणीला ठीक आहे. आधी बाळंत झालेल्या बाईनं दहा-दहा मिनिटांनी नियमित कळा आल्या की निघायचं. लांबच्या बाईनं कळा नियमित वाटताच निघायचं, मोजत बसायचं नाही. घरात घड्याळ पाहणारं कोणी नसेल तर असं सांगा: कळ चालू असताना बोलणं थांबतंय आणि भाकरी थापता हात थांबतोय, की निघा. पाणी गेलं, कळा असोत-नसोत: निघा, आणि पाण्याचा रंग पाहून सांगा, हिरवट असेल तर जास्त घाईनं. लाल गेलं: निघा. चिकट, जराशी लालसर शेंबडासारखी वस्तू पडली तर घाबरायचं कारण नाही, पण जोरात रक्त वेगळं. बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय वाटलं तर काही खाऊन डाव्या कुशीवर झोपायचं. दोन तासांत दहा वेळा हललं नाही तर त्याच दिवशी यायचं, उद्यावर ढकलायचं नाही. डोकं, डोळे, फिट, ताप: निघा.

एवढं सगळं एका दमात सांगितलं तर काहीच राहत नाही. तीन गोष्टी सांगून तिला परत विचारा: "बरं, सांग बघू, कशाकशासाठी यायचं?" ती लाजते, सोबतची बाई सांगू लागते. थांबा, तिलाच बोलू द्या. "पानी गेलं, रगत गेलं, लेकरू हललं न्हाई" एवढं तिच्या तोंडून आलं की झालं. नवरा कामाला पुण्याला असेल तर त्याला फोन लावून स्पीकरवर हेच सांगा. गाडी करायची का, पैसे कोणाचे, हे ठरवणारा माणूस बऱ्याचदा त्या फोनच्या पलीकडे असतो.

घरच्यांनाच जायचं असतं असाही प्रसंग येतो. अमावास्या आली, सोयाबीनची मळणी राहिली, धाकटं पोर शेजारणीकडे टाकून आलेत. सही घेऊन "स्वतःच्या जबाबदारीवर" सोडण्याआधी खरं कारण विचारा. दहांतली निम्मी कारणं तिथल्या तिथं सुटतात. पोराला इथं आणा, सोबतची बाई बदला, गरोदर बाईचं जेवण रुग्णालयातून मिळतं हे सांगा. तरीही निघाले तर चिडू नका. सही करून जाणाऱ्या बाईलाही तोच कागद, तोच नंबर, त्याच तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत.

आता कागद. आल्याची वेळ, दोन्ही तपासण्यांच्या वेळा आणि निष्कर्ष: तोंड, पातळपणा, डोकं, पाणमोट शाबूत, कळांची संख्या, प्रत्येक वेळचे ठोके. रक्तदाब, नाडी, ताप, हिमोग्लोबिन, लघवी. मग "सध्या प्रसूती सुरू झालेली नाही" असं लिहा, पुढं वेळ घाला. ते निदान त्या वेळेपुरतं आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मराठीत, मोठ्या अक्षरांत, परत येण्याची लक्षणं. लेबर रूमचा चालू नंबर, कार्यालयाचा नको, तो सहानंतर कोणी उचलत नाही. पुढची तपासणी कधी, तारखेसह: माझ्या मते दुसऱ्या दिवशी, फार तर दोन दिवसांत. चाळीस आठवडे झालेले असतील तर एक्केचाळीस पूर्ण होण्याची तारीखही लिहा, कारण त्यापुढे वाट पाहायची नसते, कळा आणाव्या लागतात. मुक्कामाचं गाव, सोबतच्या माणसाचं नाव, गाडीवाल्याचा नंबर, कोणत्या आशाताईंना किती वाजता कळवलं. शेवटी तुमची सही, वेळेसह. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानं कळा घेऊन आलेली बाई प्रसूत होत आहे असंच धरलं जातं. पुरेसा वेळ देखरेखीखाली ठेवून डॉक्टर, प्रशिक्षित मिडवाइफ किंवा तशी पात्र व्यक्ती प्रमाणित करील तेव्हाच ते खोडलं जातं. तो कायदा आपल्याकडे लागू नाही. पण सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये स्पष्ट केलं आहे की सरकारी रुग्णालयानं आणीबाणीत वेळेवर उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे. वर सांगितलेला कागद या कसोटीला उतरतो, कारण त्यात तुम्ही काय पाहिलं, किती वेळ पाहिलं आणि तिच्या परतीची काय सोय केली हे सगळं दिसतं. नुसतं "फॉल्स पेन, डिस्चार्ज" उतरत नाही.

आणखी एक. "इथं होत नाही, वर जा" असं तोंडी सांगणं म्हणजे रेफर करणं नव्हे. अंबाजोगाईला, नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पाठवायचं असेल तर आधी फोन करा, चिठ्ठी लिहा, दिलेली औषधं वेळेसह नोंदवा, गाडी बोलवा, आणि कळा जोरात असतील तर सोबत सिस्टर द्या. वडापच्या जीपमध्ये बसवून दिलेली बाई वरच्या दवाखान्यात पोचली की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही.

रजा दिलेल्या बायांची एक वही लेबर रूममध्ये ठेवा आणि पाळी बदलताना ती एकीनं दुसरीच्या हातात द्या. संध्याकाळी प्रत्येकीला एक फोन: कळा कशा आहेत, बाळ हलतंय का. दोन दिवसांत आली नाही, फोनही लागत नाही, तर आशाताईंना घरी पाठवा. आणि त्या वहीतली बाई कळा घेऊन परत आली, तर दुसऱ्यांदा तिला सोडायला माझी तयारी नसते. तोंड तेवढंच असलं तरी. दोनदा वाट तुडवून आलेल्या बाईला तिच्या अंगातलं काहीतरी कळत असतं, आणि तिसरी फेरी कदाचित रात्रीची असेल.